ऊन तेच, मथळा तोच

आमच्या दैनिकाच्या कचेरीत उन्हाळ्याच्या बातम्या एकाच माणसाकडे असायच्या, आणि त्या त्यांच्याकडे असू नयेत असं बाकी सगळ्यांना वाटायचं. नागपूरच्या पेपरला उन्हाळा म्हणजे सणच. मार्च संपत आला की रसवंत्यांचे, टरबुजांच्या ढिगांचे, वाळ्याच्या ताट्या विणणाऱ्या बायकांचे फोटो यायला लागायचे. पाऱ्याचा आकडा पहिल्या पानावर चौकटीत बसायचा. देशात आज आपण पहिले आलो की दुसरे, यावर पानठेल्यांवर चर्चा झडायच्या आणि दुसरे आलो तर लोकांना चक्क वाईट वाटायचं. या सगळ्या मौजेत हे उपसंपादक सुतकी चेहऱ्याने कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले असायचे आणि आलेल्या बातमीतला ‘सूर्यनारायण’ लाल शाईने खोडत असायचे.

छापखान्यात त्यांचं नाव थर्मामीटर पडलं होतं. उन्हाळाभर त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात कांदा आणि दुसऱ्यात चष्म्याचं जुनं घर असायचं. ऊन लागू नये म्हणून कांदा तर आमच्याकडे सगळेच ठेवतात. चष्म्याच्या घरात मात्र खरोखरचा थर्मामीटर होता. दुपारी बाराच्या ठोक्याला डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते सायकलवर निघायचे. आधी वेधशाळेत जाऊन सरकारी आकडा उतरवून घ्यायचे. मग डांबर टाकणाऱ्या टोळीपाशी, स्टेशनबाहेर हमाल बसतात तिथे, टिनाचं छप्पर असलेल्या एखाद्या शाळेत जायचे, खिळ्याला थर्मामीटर टांगायचे आणि शेजारी उकिडवे बसून राहायचे. लोकांना वाटायचं, म्युनिसिपालटीचा माणूस आला, आता नळ येणार. ते भराभर तक्रारी सांगायचे आणि हे त्या तक्रारीही वहीत लिहून घ्यायचे. नळ काही येत नसे.

वेधशाळेचा आकडा खोटा नसतो, असं ते सगळ्यांना बजावून सांगत. तो गवतावर ठेवलेल्या पांढऱ्या पेटीत, सावलीत बसून घेतलेला असतो, म्हणून सावलीत बसणाऱ्यांपुरता तो अगदी बरोबर असतो. ज्यांना सावली नाही त्यांचा आकडा कोण छापणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी तिथे प्रूफ वाचायला लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन मला हे सगळं ऐकवलं. मी घाबरून नुसती मान हलवत होते. जाताना ते म्हणाले, “ऊन बातमी नसते वं पोरी. ऊन कोणाच्या डोक्यावर पडून राहिलं, ते बातमी असते.”

एकटे होते. भाड्याच्या खोलीत राहायचे. त्यांच्या खिशातून सारखा थर्मामीटर निघतो हे पाहून घरमालकिणीची अशी समजूत झाली होती की या गृहस्थांना कायमचा बारीक ताप आहे. ती बिचारी वर्षानुवर्षं त्यांना पथ्याची मुगाची खिचडी पाठवत राहिली आणि हे ती मुकाट्याने खात राहिले. खरं सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जगाशी एका शब्दावरून भांडणारा माणूस खिचडीवरून मात्र कधी भांडला नाही.

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात एक कागद चिकटवलेला होता. ‘खालील मंडळींना या कचेरीत प्रवेश नाही : सूर्यनारायण, वरुणराजा, निसर्गदेवता, काळ.’ पाहुणे आले की संपादक त्यांना तो कागद मुद्दाम दाखवायला आणायचे आणि सगळे हसायचे. हे हसत नसत. देवानं केलं म्हटलं की माणसाचं काम संपतं, मग विहीर कोणी उपसली, झाडं कोणी तोडली, मजुराला भर दुपारी कोणी उभं केलं हे विचारायची गरजच उरत नाही, असं ते पाहुण्यांना शांतपणे समजावून सांगायचे. पाहुण्यांचं हसू मग जरा आखडायचं.

पण कागदावर बंदी घालून काय उपयोग? ही सगळी मंडळी छापखान्यात फळीवर बसलेली होती. त्या काळी मथळे हाताने जुळवले जायचे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ तयार करायची, पान छापून झालं की खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे. आता दरवर्षी लागणारी ओळ दरवर्षी कोण जुळवणार? म्हणून काही ओळी न सोडवता सुतळीने बांधून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेल्या असायच्या. ‘सूर्यनारायण कोपले’, ‘वरुणराजाची अवकृपा’, ‘थंडीचा कडाका’, ‘शहरात उत्साहाचे वातावरण’, ‘यांचे अल्पशा आजाराने निधन झाले’. ऋतू आला, प्रसंग आला की फळीवरून ओळ काढायची, धूळ फुंकायची, पानात बसवायची. या फळीला आमच्याकडे लोणच्याची फळी म्हणत.

फळी होती काकाजींच्या ताब्यात. काकाजी म्हणजे आमच्या वस्तीतले, आमच्या ओळीतच घर असलेले जुने जुळारी. मला तिथे नोकरी लावली ती त्यांनीच. बाबांनी छप्पन साली मला खांद्यावर बसवून दीक्षेला नेलं होतं, आणि घरी परतल्यावर पहिला निश्चय केला तो पोरीला शिकवायचा. मला वाचता यायला लागलं तेव्हापासून वस्तीतली मोठी माणसं संध्याकाळी ओट्यावर जमायची आणि मी पेपर मोठ्याने वाचून दाखवायची. छापलेलं म्हणजे खरं, अशी आमची सगळ्यांची श्रद्धा. त्यातून तो पेपर आमच्याच काकाजींच्या बोटांतून आलेला. ते ऐकणाऱ्यांत शेवटच्या रांगेत बसायचे आणि एखादी ओळ आली की शेजारच्याला हळूच सांगायचे की ही मी जुळवली.

काकाजींची आणि उपसंपादकांची जोडी विलक्षण होती. दुपारचं ताक दोघं एकत्र प्यायचे आणि ताक संपलं की फळीवरून भांडायचे. काकाजींची बाजू अगदी रोखठोक होती. “साहेब, ऊन तेच, हेडिंग तेच. दरसाल नवं काहून जुळवू?”

“ऊन तेच नाही आहे गा,” हे म्हणायचे. “पण हेडिंग तेच ठेवलं तर लोकायले समजन कसं?”

एकदा त्यांनी दप्तरातल्या जुन्या अंकांच्या फायली स्वतः उचलून छापखान्यात आणल्या आणि पाच वर्षांचे पाच मे महिने काकाजींपुढे मांडले. पाचही अंकांत तोच मथळा, तेच खिळे, ‘कोपले’मधला तोच टवका उडालेला क. उद्या कोणी अभ्यास करायला बसला, तर त्याला वाटेल नागपुरात पाच वर्षं एकच उन्हाळा होता, असं ते म्हणाले. काकाजींनी चष्मा वर करून पाचही मथळे पाहिले आणि आपल्या सुतळीची गाठ किती टिकली याचंच त्यांना कौतुक वाटलं. दोघंही मनापासून बोलत होते, आणि मला तेव्हा दोघांचंही हसू येत होतं.

ऊन तेच नाही, हे उपसंपादकांना कुठून सुचलं असेल? ते मूळचे नरखेडकडचे. तिकडे भावाची संत्र्याची बाग होती. लहानपणी ज्या विहिरीच्या चार पायऱ्या उन्हाळ्यात उघड्या पडायच्या, तिच्या आता चौदा पडतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांना पोस्टकार्डं पाठवायला सुरुवात केली. तुमच्या विहिरीच्या पायऱ्या किती उघड्या पडल्या, मोहाची फुलं कधी गळाली, संत्र्याचा आंबिया बहार कधी धरला, धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी कधी चढलं, एवढंच कळवा. आणि लोक कळवायचे. नरखेड, काटोल, रामटेक, कुठून कुठून कार्डं यायची. कोणी पायऱ्यांसोबत एस.टी. वेळेवर येत नाही हेही लिहायचं, कोणी मुलीसाठी स्थळ विचारायचं. त्यांनी सगळी जपून ठेवली होती. मी एकदा विचारलं, यावरून नक्की काय कळतं? तर म्हणाले की मलाही नक्की काय होतंय ते ठाऊक नाही, पण काहीतरी होतंय, आणि ते आपल्या पेपरात कुठेच दिसत नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी मी त्यांना गावच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं, तेव्हा उत्तर भावाचं आलं. ते गेल्याला वर्ष झालं होतं. घरात दोन पोती पोस्टकार्डं पडली आहेत, त्यांचं काय करू, असं भावाने विचारलं होतं. मी त्या कार्डाला उत्तर दिलं नाही.

एका वर्षी टेलिप्रिंटरवर इंग्रजीत एक लहानशी बातमी आली. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की कोळसा आणि तेल जाळून जो वायू वर जातो तो हवेत साठत राहतो, आणि त्याने सगळी पृथ्वीच हळूहळू तापत जाईल. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, मग दार लावून घेतल्यासारखे टेबलावर वाकले आणि तासभर तिचं मराठी करत बसले. एकही अवघड शब्द नाही, गोधडीखाली माणूस तापतो तसं होईल, असं साधं सोपं लिहिलं. पहिल्या पानावर घ्या म्हणून स्वतः संपादकांकडे गेले. संपादक माणूस वाईट नव्हता. हसतमुख, कोणाला न दुखवणारा. त्यांनी बातमी घेतलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी ती ‘इकडचं तिकडचं’ या सदरात आली, दोन डोक्यांच्या वासराच्या खाली, आणि वर मथळा होता, ‘पृथ्वीलाही ताप आला!’ वाचकांची चार घटका करमणूक होईल, असं संपादक म्हणाले. त्या दिवशी उपसंपादक ताक प्यायला छापखान्यात गेले नाहीत. काकाजींनी दोन वेळा दारातून डोकावून पाहिलं आणि परत गेले.

पुढचा उन्हाळा आला. त्या वर्षी व्यवस्थापकांनी ‘उन्हाळी विशेष’ नावाची आठ पानांची पुरवणी काढायचं ठरवलं. कूलरच्या, सरबतांच्या, पंख्यांच्या जाहिराती ओसंडून वाहत होत्या. उन्हात थंड कसं राहावं यावर लेख होते. ते सगळं हाताने जुळवायचं म्हणून जुळाऱ्यांना दुहेरी पाळी लागली. छापखाना मागच्या अंगाला, टिनाच्या छपराखाली. पाणी मारून हवा गार करणाऱ्या वाळ्याच्या ताट्या होत्या त्या पुढच्या खोल्यांना, जिथे पाहुणे यायचे. उपसंपादकांनी आपला थर्मामीटर छापखान्याच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगला आणि रोज दुपारी दोन वाजता आतला आकडा खडूने भिंतीवर लिहायला सुरुवात केली. व्यवस्थापक तो पुसायला लावायचे. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा लिहायचे. ताट्या लावाव्यात म्हणून त्यांनी लेखी अर्ज दिला. व्यवस्थापक म्हणाले, पुरवणी निघाली की लगेच लावू.

पुरवणीची शेवटची दोन पानं राहिली होती त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास काकाजी म्हणाले की खिळे हातात धरवत नाहीत. त्यांनी हातातली ओळ नीट खाली ठेवली. मग बसले, आणि मग बसवेना. मी धावत गेले तेव्हा त्यांच्या अंगाला घामाचा थेंब नव्हता, कातडी तव्यासारखी तापलेली, आणि ते भलतंच काहीतरी बोलत होते. उपसंपादकांनी माठ त्यांच्या अंगावर ओतला, आपला पंचा भिजवून त्यांच्या डोक्याला गुंडाळला, सायकलरिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत काकाजी गेले होते.

पाचला उपसंपादक परत आले. सदरा ओला, केस कपाळाला चिकटलेले. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी चार ओळी लिहिल्या. आमच्या छापखान्यातले जुने जुळारी आज दुपारी टिनाच्या छपराखाली काम करताना ऊन लागून वारले, असं लिहिलं. तिथे ताट्या नव्हत्या, हेही लिहिलं. कागद माझ्या हातात दिला.

“हे असंच जाऊ दे, पोरी,” ते म्हणाले आणि काकाजींच्या घरी निघून गेले, कारण तिथे कोणीतरी जायलाच हवं होतं.

पंधरा मिनिटांत मला आत बोलावणं आलं. संपादकांचे डोळे ओले होते, ते मी आजही खोटं म्हणणार नाही. शेजारी व्यवस्थापक बसले होते. काकाजींची बातमी पहिल्या पानावर चौकटीत देऊ, आजवर कोणत्याही कामगाराला दिली नाही एवढी जागा देऊ, असं संपादक म्हणाले. फक्त शब्द नेहमीचे असू द्या. आपल्याच पेपरात आपलाच गाजावाजा कशाला, उद्या कामगार खात्याचे लोक दारात येतील, आणि वय झालेल्या माणसाला काही ना काही आजार असतोच. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी त्या चार ओळी त्यांच्या हातात दिल्या. नोकरी जाईल असं मला कोणी म्हटलं नव्हतं. कोणाला तसं म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही.

छापखान्यात गेले तर धाकटे जुळारी फळीवरून ओळ काढत होते. ‘यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’ ती काकाजींनीच बांधलेली होती. त्यांची गाठ कोणाला सुटेना, शेवटी ब्लेडने सुतळी कापावी लागली. ज्याने कापली तो रडत होता. ओळीच्या आधी काकाजींचं नाव जुळवलं गेलं. डाक आवृत्ती संध्याकाळीच सुटायची, म्हणून प्रूफ घाईघाईने माझ्याकडे आलं. मी दोनदा वाचलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपसंपादक माझ्या टेबलाशी उभे राहिले. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. अंक समोर धरून त्यांनी सही कोणाची एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझी. साहेबांनी सांगितलं होतं, असंही पुढे जोडलं. त्यांनी मान हलवली, अंकाची घडी घातली आणि आपल्या जागेवर जाऊन आलेल्या बातम्या तपासायला लागले. त्या दिवशी एका वार्ताहराच्या बातमीत सूर्यनारायण आला होता. तो त्यांनी खोडला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतले सगळे काकाजींच्या घरी जमले. कचेरीतून आम्ही दोघंच होतो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली काकाजींचा फोटो आणि फोटोखाली आमच्या पेपरचं कात्रण, काच लावून, चौकट करून. काकूंना वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव तेवढं ओळखायला काकाजींनीच शिकवलं होतं. कात्रण शेजाऱ्यांनी वाचून दाखवलं होतं. वंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं.

“बाई, यायले कोणता आजार होता वं?” त्यांनी विचारलं. “तुले माहीत होता काय?”

मी काही बोलायच्या आत त्या सांगायला लागल्या. त्या दिवशी सकाळी काकाजी भूक नाही म्हणाले होते. काकूंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, रोज डबा परत आणता, माझ्या हातचं गोड लागत नाही का म्हणून. ते न जेवताच गेले. आता पेपरात आलं तेव्हा कळलं की ते आजारी होते. तीस वर्षांचा संसार, आणि घरातल्या माणसाचा आजार मला दिसला नाही, मी आजारी माणसाला बोलून उपाशी पाठवलं, असं त्या म्हणत होत्या. रडत नव्हत्या. रात्रंदिवस तेच ते मनात घोळून डोळे कोरडे पडले होते.

उपसंपादक पुढे झाले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आजार नव्हता, ऊन लागलं, मी सोबत होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. काकूंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. माझं समाधान करायला आले आहेत, असंच त्यांना वाटलं. “साहेब, पेपरात आलं आहे ना,” त्या म्हणाल्या. “हे म्हणत, छापून आलं का पक्कं असते.”

उपसंपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलले असते तर काकूंनी विश्वास ठेवला असता, कारण वस्तीला पेपर वाचून दाखवणारी मी होते. मी पाणी आणते म्हणाले आणि मागच्या दारी निघून गेले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण तेवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

त्यानंतर उपसंपादकांनी संपादकांकडे एका ओळीची दुरुस्ती छापायची मागणी केली. दुरुस्ती तारखांची देतात, नावांची देतात, अशी कोणी देतं का, असं संपादक म्हणाले. दुसऱ्या दिवशी संपादकांच्या टेबलावर त्यांचा एका ओळीचा राजीनामा होता. संपादकांनी तो खणात टाकून दिला, आठ-पंधरा दिवसांत डोकं थंड झालं की परत येतील म्हणाले, आणि कोणाला सांगू नका असंही. मला कळलं ते आलेल्या कागदांची नोंद वहीत मीच करायची म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ते आमच्या दाराशी सायकल टेकवून उभे. डोक्याला ओला पंचा. हातात एक ओला, नुकताच छापलेला कागद. कोण्या लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या लहानशा छापखान्यात बसून त्यांनी त्या चार ओळी स्वतः जुळवल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या मथळ्यांवरून भांडलेला माणूस, पण खिळा कधी हातात धरलेला नव्हता. चार ओळींना त्यांना दोन दिवस लागले. बोटं काळी झालेली, ओळी वाकड्या, पहिली पुढे आणि तिसरी मागे.

“छापल्याबिगर वहिनी मानत नाही,” ते म्हणाले. “प्रूफ आहे. वाच आणि सही कर.”

मी वाचलं. सही केली. मग पायात चपला घातल्या आणि त्यांच्यासोबत निघाले, कारण या वेळी मी मागे राहिले असते तर मला स्वतःला तोंड दाखवायला जागा उरली नसती. काकाजींच्या घरी काकू, त्यांच्या सुना आणि दोन शेजारणी होत्या. मी कागद हातात धरून उभी राहिले आणि लहानपणी ओट्यावर वाचायची तसं मोठ्याने वाचलं. आज दुपारी टिनाच्या छपराखाली काम करताना ऊन लागून वारले. काकूंनी बोट ठेवून नाव पाहिलं. मग म्हणाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. आणि मग सांगितलं की पहिलं जे छापलं तेही मीच तपासलं होतं, ते खरं नव्हतं, आणि मला ते तेव्हाही ठाऊक होतं. त्याबद्दल काकू मला काहीही बोलल्या नाहीत, आजपर्यंत.

“म्हंजे आजार नव्हता,” त्या उपसंपादकांकडे वळून म्हणाल्या.

“नव्हता, वहिनी.”

“मंग भूक नाही म्हणे ते?”

उन्हानं भूक मरते, आठवडाभर त्या टिनाखाली सगळ्यांचीच मेली होती, असं त्यांनी सांगितलं. त्यावर काकू पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. सुना उठून जवळ गेल्या. मग काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि एकदम विचारलं, “ऊन तर दरसाल असते. वीस वर्सं त्याच टिनाखाली काम केलं त्यायनं. औंदाच काहून?”

दहा वर्षांत आमच्या कचेरीत हा प्रश्न त्यांना एकानेही विचारला नव्हता. त्यांनी डोक्याचा पंचा सोडून मांडीवर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. दुहेरी पाळी आणि न लावलेल्या ताट्या यांपासून सुरुवात केली, आमच्या पुढच्या खोल्यांपर्यंत आले. मग रस्ते रुंद करताना तोडलेली कडुनिंबं, त्यांच्या गावच्या विहिरी, वर्षागणिक लांबत चाललेला उन्हाळा, आणि दूर देशांतल्या गिरण्यांचा धूर सगळ्यांच्या डोक्यावर कसा साठतो ते. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणाले. आवाज चढवला नाही, कुठे थांबून शब्द शोधला नाही. काकू हातातला पंखा खाली ठेवून ऐकत होत्या, शेजारणी ऐकत होत्या. मी त्यांचं लिहिलेलं सगळं वाचलं होतं, पण इतकं नीट सांगितलेलं कधी ऐकलं नव्हतं.

ते थांबले तेव्हा काकूंनी सरळ विचारलं, “मंग हे पेपरात काहून नाही देत तुमी?”

घरातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी पंच्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“देतो, वहिनी,” ते म्हणाले.

त्यांनी नोकरी सोडल्याला आठ दिवस झाले होते, आणि त्या घरात हे फक्त मला ठाऊक होतं.